ज्युपिटर-८ वर दहा राग : एका तबकडीचा प्रकरण अभ्यास

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या एचएमव्हीने, एक लाँग प्ले तबकडी काढली. नाव होतं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. साथीला तबला नाही, सूर धरायला तंबोरा नाही. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती : सुरावटीला ज्युपिटर-८ हा विजेच्या लहरींतून सूर बनवणारा, एकावेळी आठ स्वर काढणारा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर, खर्जाच्या ओळीसाठी टीबी-३०३ आणि ठेक्याला टीआर-८०८.

तबकडी चालली नाही. तिच्याबद्दल आज जे काही लिहिलं जातं त्यातलं बहुतेक सगळं एकाच मुद्द्याभोवती फिरतं. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आली आणि तिथून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार रुजला. मुंबईत मात्र तसाच आवाज पाच वर्षं आधी मुद्रित झाला होता. हे खरंच आहे. पण त्या चर्चेत ज्युपिटर-८ मागे पडतो, आणि एका वादकाने बारा समान स्वरांच्या पट्ट्यांवर राग कसा बसवला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मला तो प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. कीबोर्ड वाजवणाऱ्या, अ‍ॅनालॉग यंत्र घरात ठेवणाऱ्या, त्यावर मुद्रण करणाऱ्या प्रत्येकाला या तबकडीतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

यंत्र स्वतःचं असणं

आपल्याकडे सिंथेसायझर त्याआधी आला नव्हता असं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग या सिंथेसायझर यंत्राचा स्टुडिओ उभारून दिला होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग आणला. पण ही यंत्रं एकावेळी एकच स्वर काढणारी होती. शिवाय संस्थेतलं यंत्र संस्थेचं असतं. त्याच्यापाशी बसायला वेळ ठरवून घ्यावी लागते.

मुंबईच्या वाद्यवृंदात पद्धत वेगळी. वादक आपलं वाद्य घेऊन शिफ्टला येतो. ज्याच्याकडे नवं वाद्य, त्याला बोलावणं. परदेशी वाद्य आणणं तेव्हा सोपं नव्हतं. आयात करावर कर, परकीय चलनाची टंचाई. चरणजित सिंग यांनी ही यंत्रं सिंगापूरला घेतली. सिंगापूरचा आणि मुंबईचा वीजदाब एकच, २३० व्होल्टच्या घरातला, ही गोष्ट बारीक वाटेल, पण मालकाच्या दृष्टीने ती मोठी आहे. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टवर चालतं. आज कोणी जपानहून जुना सिंथ मागवला आणि सरळ भिंतीतल्या प्लगला लावला तर पहिल्या क्षणीच वीजपुरवठ्याचा भाग जळू शकतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घरात यायला हवा, वाद्य नंतर.

चरणजित सिंग यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं, की त्या काळात चित्रपटांत डिस्कोची चलती होती. मग त्याच ठेक्यावर राग वाजवावेत आणि तबला बाजूला ठेवावा अशी कल्पना आली. घरी या यंत्रांवर सराव करताना जोडणी कानाला बरी वाटली, तेव्हा मुद्रणाचा विचार केला. या हकिकतीतला ‘घरी’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. शिफ्टमध्ये असं काही सापडत नाही. तिथे संगीत संयोजक नोटेशन समोर ठेवतो, वादक ते वाजवतो आणि मोकळा होतो. यंत्र घरात असेल, रात्री जेवणानंतर त्याच्यापाशी बसता येत असेल, तरच ते काय देतं आणि कुठे अडतं हे हळूहळू कळत जातं.

आत काय आहे

ज्युपिटर-८ हा १९८१ चा. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, वजन बावीस किलो. आठ आवाज, प्रत्येक आवाजाला सूर निर्माण करणारे दोन ऑसिलेटर, म्हणजे एकूण सोळा. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र फिल्टर, स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. ध्वनीचा सगळा मार्ग अ‍ॅनालॉग, आणि वर देखरेखीला एक मायक्रोप्रोसेसर : कुठली पट्टी कुठल्या आवाजाला द्यायची, आवाजाच्या ६४ तयार जुळण्या लक्षात कशा ठेवायच्या, सूर कसा लावायचा, हे तो बघतो. पट्टी किती जोराने दाबली याची यंत्राला कल्पना नसते. मिडी, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडण्याची सोय, नाही; ते १९८३ मध्ये आलं.

ऑसिलेटरचा सूर विजेच्या दाबावर ठरतो. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. हे नातं ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्मावर उभं आहे आणि तो गुणधर्म तापमानाबरोबर बदलतो. खोलीच्या तापमानाला दर अंशामागे सुमारे ०.३३ टक्के. एका सप्तकात १२०० सेंट धरले, तर मूळ बिंदूपासून एक सप्तक दूर असलेला सूर दर अंशाला चार सेंट सरकतो. मुंबईत मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीतलं यंत्र वातानुकूलित स्टुडिओत २४ अंशांवर नेलं, तर काहीच भरपाई नसताना सप्तकामागे ३२ सेंटचा फरक पडेल. पूर्ण अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. शिवाय दोन सप्तकं दूर तो दुप्पट होतो. सूर नुसता चढत-उतरत नाही, सप्तकच ताणलं किंवा आवळलं जातं.

म्हणून यंत्र बनवणारे तापमानाबरोबर बदलणारा खास रेझिस्टर बसवून बरीचशी भरपाई करतात. ज्युपिटर-८ ला त्याशिवाय ऑटो ट्यूनचं बटण आहे. ते दाबलं की प्रोसेसर एकेक ऑसिलेटर मोजतो आणि त्याच्या चुकीइतकी दुरुस्ती लावतो. अर्थात ही दुरुस्ती त्या क्षणापुरती. यंत्र नुकतंच चालू केलेलं असेल तर अर्ध्या तासाने आतली उष्णता वेगळी असते आणि सोळा ऑसिलेटर पुन्हा आपापल्या वाटेने निघालेले असतात. आधी तापू द्यायचं, मग सूर लावायचा. जुन्या सिंथवर मुद्रण करणाऱ्या कोणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळेल.

गंधाराचा झगडा

आता रागाकडे. भूपाळी घेऊ. सा रे ग प ध. तंबोऱ्यावर लागणारा गंधार षड्जाच्या ५:४ या प्रमाणात असतो, म्हणजे ३८६ सेंटवर. ज्युपिटर-८ च्या पट्टीवरचा गंधार ४०० सेंटवर. चौदा सेंट चढा. धैवत सोळा सेंट चढा. पंचम मात्र दोनच सेंट उतरा, तो कोणालाही खटकत नाही.

महाराष्ट्राला ही तक्रार नवी नाही. पेटीवरून हाच वाद झाला. आकाशवाणीने १९४० पासून पुढे तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे हे समान अंतरांचे सूर आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, न निघणं हीच कारणं होती. पेटीवाल्यांनी त्यातून वाट काढली. आतल्या धातूच्या स्वरपट्ट्या (रीड) घासून गांधार ट्यूनिंगच्या पेट्या तयार केल्या, एका ठरलेल्या सा पासून शुद्ध गंधार लागेल अशा. ज्युपिटर-८ ला ती सोय नाही. तिथे प्रत्येक पट्टीचा दाब समान पायऱ्यांनी ठरतो. सबंध यंत्राचा सूर वरखाली करता येतो, एकट्या गंधाराचा नाही.

मग करायचं काय? इथे अ‍ॅनालॉग सिंथ पेटीपेक्षा वेगळी वाट देतो, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

सा मध्य सप्तकातल्या पांढरी एकला धरू, २६१.६ हर्ट्झ. पट्टीवरचा गंधार ३२९.६ हर्ट्झ. हे दोन सूर एकत्र ऐकताना कानाला जे टोचतं ते मूळ सुरांमुळे नव्हे, त्यांच्या उपस्वरांमुळे, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत वर निघणाऱ्या सुरांमुळे. सा चा पाचवा उपस्वर १३०८ हर्ट्झवर येतो, गंधाराचा चौथा १३१८.५ वर. दोघांत सेकंदाला दहा ठोक्यांची थरथर निर्माण होते. शुद्ध गंधार असता तर दोन्ही उपस्वर एकाच जागी बसले असते आणि थरथर शून्य. आता ज्युपिटर-८ चा लो-पास फिल्टर घ्या. तो सप्तकाला २४ डेसिबलच्या उताराने वरचे उपस्वर कापतो. त्याची कट-ऑफ, म्हणजे कापायला सुरुवात होण्याची जागा, हजार हर्ट्झच्या खाली आणली की भांडणारे दोन्ही उपस्वर दबतात. गंधार अजून चौदा सेंट चढाच आहे, पण आता त्याची तक्रार करायला कोणी उरत नाही. बासरीसारखा गोल आवाज या यंत्रावर रागाला बरा का वाटतो आणि करवती लहरीचा उघडा, झळाळता आवाज का बोचतो, याचं उत्तर इथे आहे.

दुसरी वाट याच्या उलट. एका आवाजाच्या दोन ऑसिलेटरांत जाणूनबुजून काही सेंटचा फरक ठेवायचा. सूर एक रेघ न राहता पट्टा होतो, आणि त्या पट्ट्यात नेमका सूर कुठे हे कान फार काटेकोरपणे मोजत नाही. सनई-चौघड्याच्या जोडीत दोन सनया मिळून जो भरीव सूर होतो तो काहीसा याच जातीचा. ज्याला रागाची शिस्त प्रिय आहे त्याला ही तडजोड वाटेल. तडजोड आहेच. पण ती ऐकून केलेली असली तर संगीत टिकतं.

भैरवाचा आंदोलित रिषभ आणि तोडीचा अतिकोमल गंधार या दोन्ही युक्त्यांनी साधत नाही. ते सूर म्हणजे बिंदू नव्हेत, हालचाली आहेत. माझ्या कानाला या तबकडीवर तोडीपेक्षा मालकंस, कलावती जास्त पटतात, आणि त्याला कारण आहे. दहापैकी भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे औडव राग, पाच स्वरांचे. त्यांची ओळख बऱ्याच अंशी कुठले स्वर घेतले, कुठले वगळले आणि कुठल्या उड्या मारल्या यावर उभी असते. रिषभ-पंचम गाळून सा, कोमल ग, म, कोमल ध आणि कोमल नि एवढ्याच स्वरांत फिरलात की समोरच्याला मालकंस कळतो, श्रुती थोडी हलली तरी. तोडीत तसं होत नाही. तिथे स्वर बरोबर असूनही तोडी हरवू शकते.

मींड आणि आठ आवाजांचा पेच

राग ही एका ओळीची सुरावट. मग आठ आवाजांचं यंत्र कशाला? हा प्रश्न या प्रकरणाच्या गाभ्याशी आहे.

पॉली पद्धतीत प्रत्येक नवी पट्टी पुढच्या मोकळ्या आवाजाकडे जाते. पहिली पट्टी पहिल्या आवाजाला, दुसरी दुसऱ्याला, अशी आठपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. आता पोर्टामेंटो चालू करा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय. तुम्हाला वाटेल की म वरून ग वर सुंदर मींड येईल. येत नाही. कारण ग वाजवणारा आवाज म वर नव्हताच. तो आठ स्वरांपूर्वी जिथे होता तिथून निघतो. वरच्या सा वरून, खालच्या ध वरून, कुठूनही. आठ जण आपापल्या आठवणीतून घसरत येतात आणि रागाचा चुराडा होतो. मींड हवी असेल तर यंत्राला सोलो पद्धतीत आणावं लागतं, म्हणजे आठपैकी सात आवाज गप्प करून एकट्यालाच सगळी ओळ द्यावी लागते. किंवा युनिझन, जिथे सगळे आठ आवाज एकाच पट्टीवर लागतात : सोळा ऑसिलेटरांचा एक जाड सूर.

एवढं करूनही ती खरी मींड होत नाही. गवय्याची मींड मधल्या सुरांवर रेंगाळते, कुठे हलकी होते, कुठे दाब घेते. पोर्टामेंटो ठरलेल्या चालीने जातं. डाव्या हाताशी बेंडरचा दांडा आहे, त्याने हाताची मींड घेता येते, पण मग डावा हात त्यातच अडकतो. याच काळात यामाहाच्या सीएस-८० वर बोटाने घासायची लांब पट्टी होती, कळ दाबण्याच्या जोराचीही नोंद होती. रागाला ते यंत्र जास्त जवळचं. पण त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास. मुंबईच्या इमारतीत ते चढवायचं कोणी?

बाकीच्या सात आवाजांचा उपयोग मात्र दुसरीकडे होतो. पहिला, गुंजन. एकेरी यंत्रावर पुढचा स्वर आला की मागचा तुटतो. आठ आवाजांवर मागचा स्वर विरत राहतो आणि पुढचा त्यावर येतो, सतारीच्या तरफांसारखा. यात धोकाही आहे. भैरवात कोमल रे विरत असताना सा लावला तर दोघांची टक्कर ऐकू येते, म्हणून रिलीझची, म्हणजे पट्टी सोडल्यावर सूर विरण्याची, लांबी रागागणिक बदलावी लागते. भूपाळीला लांब चालते, कारण पाचही स्वर एकमेकांशी गोडीने राहतात. ललतला नाही, तिथे दोन मध्यम शेजारी शेजारी आहेत.

दुसरा उपयोग, स्प्लिट. कळपट दोन भागांत वाटला की खाली चार, वर चार आवाज मिळतात. खाली सा-प किंवा सा-म धरून ठेवायचा, वर सुरावट. ललत आणि मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे तंबोरा मध्यमाला लावतात. इथेही तसंच मध्यम धरायचा.

तिसरा, आर्पेजिओ. धरलेल्या पट्ट्या यंत्र ओळीने वाजवतं, वर, खाली, वर-खाली किंवा कसंही. भूपाळीचे पाच स्वर धरले तर आरोह-अवरोह दोन्ही बरोबर येतात, कारण दोन्हीकडे तेच स्वर. मधुवंतीत हे कोसळतं. तिथे आरोहात रे आणि ध नाहीत, अवरोहात आहेत. पट्ट्या पाच धरा की सात, एका दिशेला राग चुकणारच. यंत्राला रागाचं चलन, म्हणजे स्वरांची वळणं, कळत नाहीत, फक्त चढण-उतरण कळते. तेव्हा कुठला राग हाताने आणि कुठला यंत्राच्या भरवशावर, हे वादकालाच ठरवावं लागतं.

खर्ज आणि ठेका

चरणजित सिंग स्वतः बास गिटार वाजवायचे. टीबी-३०३ हे यंत्र मुळात सरावाला बास गिटारवाला मिळाला नाही तर त्याची जागा घ्यायला बनवलेलं. एक ऑसिलेटर, सोळा पायऱ्यांची ओळ, आणि दोन खुणा : पायरीवर जोर आणि पायऱ्यांमधली घसरण. ही घसरण पायरीगणिक लावता येते, पण तिचा वेग ठरलेला. त्यावर कट-ऑफ आणि रेझोनन्सचे (कट-ऑफजवळचा आवाज फुगवण्याचे) खुंटे फिरवले की आवाज ओरडू लागतो. मींड म्हणून ती घसरण तोकडी आहे, पण कण म्हणून कानाला चालते; स्वराला लागून येणारा दुसऱ्या स्वराचा स्पर्श इतपत.

टीआर-८०८ च्या सोळा पायऱ्या पाहून आपल्या कोणालाही तीनताल आठवेल. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. डिस्कोचा खर्जाचा ठोका १, ५, ९ आणि १३ वर पडतो, थेट विभागांच्या सुरुवातीला. पण तीनतालात ९ वर ‘खाली’, म्हणजे रिकामी मात्रा आहे. तिथून पुढे डग्ग्याचा खर्ज निघून जातो, ठेका हलका होतो आणि गायकाला समेकडे परतण्याची दिशा मिळते. डिस्कोत ९ वरही तोच जड ठोका. चारही विभाग सारखे झाले की आवर्तन उरत नाही, नुसती चाल उरते. मला वाटतं या तबकडीत रागाने सर्वांत जास्त काही गमावलं असेल तर ते इथे, सुरांत नव्हे. समेवर येण्याचा आनंद नाही. त्याच्या बदल्यात न थांबणारी गती मिळते, आणि सतारीवरचा द्रुत गतीतला ‘झाला’ ज्यांना आवडतो त्यांना ती ओळखीची वाटेल.

आता शिकागोशी जुळलेल्या साम्याकडे परत येतो, कारण त्याचं उत्तर वरच्या सगळ्यात आहे. डिस्कोच्या गाण्यांत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट, बदलत जातात; तीच त्यांची हार्मनी. राग वाजवायचा तर कॉर्ड बदलता येत नाहीत. सा हलत नाही, खर्जाची ओळ त्याच सा भोवती फिरत राहते. चरणजित सिंग यांनी डिस्कोचा ठेका ठेवला आणि त्याची हार्मनी काढून टाकली, रागासाठी. शिकागोच्या मुलांनी नाचाच्या मजल्यासाठी तेच केलं. एकाच सुरावर तासभर लोकांना गुंगवायचं तर हार्मनी अडचणच होते. हातात यंत्र तेच, टीबी-३०३. दोन वेगळ्या गरजा एकाच जागी पोहोचल्या. भविष्य आधी दिसलं वगैरे म्हणण्यापेक्षा मला हे जास्त विलक्षण वाटतं, कारण यात त्या माणसाच्या तालमीचा मान राहतो. त्याने रागाची अट पाळली म्हणून तो आवाज आला.

पुढे काय झालं

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीच्या एका दुकानात मिळाली. २०१० मध्ये त्याच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती पुन्हा काढली. तेव्हा कित्येकांना हा बनाव वाटला. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराने टोपणनावाने केलेली थट्टा असावी अशी कुजबुजही झाली. चरणजित सिंग तेव्हा मुंबईत हयात होते. पुढची काही वर्षं युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले आणि ही सुरावट त्यांनी तिथल्या तरुण श्रोत्यांपुढे वाजवली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

आज असं यंत्र घेऊन राग मुद्रित करायचा तर

ज्युपिटर-८ आज संग्राहकांच्या किमतीला गेला आहे. पण इथे सांगितलेल्या जवळपास सगळ्या गोष्टी त्या पिढीच्या कुठल्याही अ‍ॅनालॉग पॉलिफोनिकला लागू पडतात. कोकण किनारा, मुंबई, गोवा इथे पहिला शत्रू दमट हवा. स्लायडरच्या आतला संपर्क खराब होतो, सरकवताना खरखर येते, मग तो मध्येच आवाज गिळतो. रोज थोडं वाजवलं जाणारं यंत्र कपाटात झाकून ठेवलेल्या यंत्रापेक्षा चांगलं टिकतं. चाळीस वर्षं जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीजपुरवठ्यातून बदलून घ्यावेत. स्मृती राखणारी बॅटरी आधी तपासावी. ती गेली तर साठवलेल्या जुळण्या जातात, आणि काही यंत्रांत, उदाहरणार्थ कॉर्ग पॉलिसिक्समध्ये, निकेल-कॅडमियमची बॅटरी गळून खालचं सर्किटच खाऊन टाकते. दुरुस्ती जाणणारे लोक आपल्याकडे थोडे आहेत, त्यामुळे यंत्राआधी माणूस शोधावा.

मुद्रणात यंत्र किमान अर्धा तास तापू द्यावं, वातानुकूलन एकदा लावलं की मध्ये बंद करू नये. सूर यंत्राचा आधी ठरवावा आणि तंबोरा त्याला मिळवावा. उलट करू नये, कारण तंबोऱ्याची खुंटी तुमच्या हातात आहे, सोळा ऑसिलेटर नाहीत. प्रत्येक टेकच्या आधी ऑटो ट्यून. टेक चालू असताना ते बटण कधीही नाही. आधार-स्वर आणि सुरावट एकाच टेकमध्ये, पण वेगळ्या आउटपुटमधून घ्यावी. ज्युपिटर-८ ला वरच्या आणि खालच्या भागाचे आउटपुट वेगळे आहेत. एकाच वेळी वाजलेले दोन भाग एकाच तापमानाला सरकतात, त्यामुळे परस्परांत सुरेल राहतात. आज सुरावट आणि उद्या आधार असं केलं की दोन दिवसांचं हवामान एका मुद्रणात येतं.

सुरुवात कलावतीने करा असं मी सांगेन. सा ग प ध आणि कोमल नी. फिल्टर अर्धा मिटलेला, सोलो पद्धत, पोर्टामेंटो अगदी थोडं, आणि खाली सा-प धरलेला. दरबारीच्या आंदोलित गंधाराला मात्र या यंत्रावर हात घालू नये. चरणजित सिंग यांच्या दहा रागांतही दरबारी नाही.